टूडी गेममध्ये कोडने काढलेले आकार रेखीव कसे ठेवावेत: गोडॉट ४ मधील कामाचा योग्य क्रम

गोडॉट या गेम बनवण्याच्या इंजिनात कोडने काढलेली रेघ धूसर दिसली की बहुतेक जण सर्वांत आधी अँटीअलायझिंग (कडेवर मधल्या छटांचे पिक्सेल भरून पायऱ्या लपवणे) चालू करतात. त्याने रेघ आणखी जाड आणि फिकट झाली की ते बंद करतात आणि रेघेची जाडी वाढवून पाहतात. हे दोन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते वेळेआधी केलेले असतात. आकाराची धार बिघडण्याची कारणे मुळात तीन आहेत: तयार झालेले चित्र नंतर ताणले जाणे, रेघ दोन पिक्सेलांच्या मध्ये पडणे, आणि तिरप्या किंवा वक्र कडांना पायऱ्या येणे. यांतले पहिले कारण शिल्लक असताना दुसऱ्यावर केलेला उपाय निष्फळ दिसतो, आणि दुसरे शिल्लक असताना तिसऱ्यावरचा उपाय उलट नुकसान करतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

लेखातील सेटिंग्जची नावे गोडॉट ४ मधली आहेत. निर्देशांकांचे गणित मात्र ग्राफिक्स कार्डावर त्रिकोण रंगवणाऱ्या कोणत्याही इंजिनाला लागू पडते.

टप्पा १: चाचणीचे दृश्य तयार करणे

प्रत्यक्ष गेममध्ये दोष शोधत बसू नये. तिथे कॅमेरा हलत असतो, नोड (दृश्याचे घटक) एकमेकांच्या आत असतात आणि कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही. त्याऐवजी नवे रिकामे दृश्य घ्यावे, त्यात एकच नोड-टूडी ठेवावा आणि त्याच्या ड्रॉ फंक्शनमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगात पुढील आकार काढावेत:

- ४ एककांच्या अंतराने १ जाडीच्या ३० उभ्या रेघा
- १०० × ५० मापाच्या आयताची १ जाडीची बाह्यरेषा
- २० त्रिज्येचे भरीव वर्तुळ आणि ४०० त्रिज्येच्या वर्तुळाची बाह्यरेषा (ती पडद्याबाहेर गेली तरी चालेल)
- आडव्याशी साधारण १० अंशांचा कोन करणारी एक लांब रेघ

उभ्या रेघा मुद्दाम इतक्या घेतल्या आहेत. एकटी रेघ योगायोगाने बरोबर जागी पडू शकते, पण ३० रेघांमध्ये चूक लपत नाही.

गोडॉटमधली आकार काढण्याची फंक्शन ड्रॉ चालू असतानाच वापरता येतात. एकदा काढलेले इंजिन लक्षात ठेवते आणि पुन्हा काढण्याची विनंती येईपर्यंत तेच दाखवत राहते. त्यामुळे कोडमध्ये एखादी किंमत बदलल्यावर क्यू-रीड्रॉ या फंक्शनला हाक मारावीच लागते. ती न मारता ‘बदल केला, पण फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात, आणि पुढची सगळी तपासणी त्या चुकीच्या निष्कर्षावर उभी राहते.

*तपासणी:* गेम स्वतंत्र विंडोत चालवावा, कारण एडिटरच्या आतल्या चौकटीत तो लहान-मोठा करून दाखवला जाण्याची शक्यता असते. स्क्रीनशॉट पीएनजी स्वरूपात घ्यावा आणि चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ८०० टक्के मोठा करून पाहावा. फोटो दाखवणारे साधे प्रोग्रॅम मोठे करताना स्वतःच कडा गुळगुळीत करतात आणि जेपीजी स्वरूप कडांभोवती करडे डाग पाडते. या दोन्हींवर विसंबून रेघेची जाडी मोजता येत नाही.

टप्पा २: गेमचे एकक आणि पडद्याचा पिक्सेल यांचे नाते ठरवणे

या टप्प्यावर एकाच प्रश्नाचे उत्तर हवे: गेममधील १ एकक म्हणजे पडद्यावरचे नेमके किती पिक्सेल? हे उत्तर ठाऊक नसेल तर पुढचे सर्व अंदाजपंचे.

आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडे पाहावे. पडद्याची मांडणी १२५ किंवा १५० टक्क्यांवर असेल आणि गेमने आपण उच्च घनतेचे पडदे हाताळतो असे जाहीर केलेले नसेल, तर सिस्टिम संपूर्ण विंडो एखाद्या फोटोसारखी ताणते. मग अक्षरे, आकार, चित्रे सगळेच सारखे धूसर होते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, विंडो, डीपीआय या क्रमाने गेल्यावर ‘अलाऊ हायडीपीआय’ हा पर्याय दिसतो. तो चालू असल्याची खात्री करावी.

त्यानंतर स्ट्रेच मोड, म्हणजे विंडोच्या मापानुसार गेम कसा मोठा करायचा हे ठरवणारे सेटिंग. याचे पर्याय तीन आहेत, आणि बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते.

‘डिसेबल्ड’ मध्ये १ एकक म्हणजे १ पिक्सेल. विंडो मोठी केली की गेमचा अधिक भाग दिसतो, आकारांचे माप बदलत नाही.

‘व्ह्यूपोर्ट’ मध्ये गेम मूळ मापावर रंगवला जातो आणि तयार झालेले चित्र विंडोएवढे ताणले जाते. पिक्सेल आर्टसाठी हा पर्याय योग्य आहे. पण कोडने काढलेल्या वर्तुळाची कड एकदा मूळ मापाच्या पिक्सेलांत गोठली की नंतर ताणून ती सुधारत नाही.

‘कॅनव्हास आयटम्स’ मध्ये मोठे करण्याचे गणित निर्देशांकांवर होते आणि रंगवणे थेट विंडोच्या खऱ्या पिक्सेलांवर होते. रेखीव भौमितिक आकार हवे असतील तर हाच पर्याय निवडावा.

कॅनव्हास आयटम्स निवडल्यावर मूळ मापाचा विचार करावा. गोडॉट ४ मध्ये नव्या प्रोजेक्टचे मूळ माप ११५२ × ६४८ असते. ते १९२० × १०८० पडद्यावर पूर्ण पसरले की प्रमाण १.६६७ होते, म्हणजे १ जाडीची रेघ दीड पिक्सेलाहून थोडी जास्त जाड होते. पिक्सेल अर्धा रंगवता येत नाही, म्हणून अँटीअलायझिंग नसताना चाचणीतल्या ३० रेघांपैकी काही २ पिक्सेल जाड आणि काही १ पिक्सेल जाड उमटतात. जाळी काढणाऱ्यांना ‘मधल्याच काही रेघा ठळक का?’ असा जो प्रश्न पडतो, त्याचे मूळ इथे आहे.

मूळ माप ६४० × ३६० ठेवले तर १२८० × ७२० वर प्रमाण २, १९२० × १०८० वर ३, २५६० × १४४० वर ४ आणि ३८४० × २१६० वर ६ असे पूर्णांक मिळतात. १३६६ × ७६८ पडद्यावर मात्र ते २.१३ होते. गोडॉट ४.२ पासून स्ट्रेचचा स्केल मोड ‘इंटिजर’ ठेवता येतो. तो ठेवला तर अशा पडद्यावर प्रमाण २ वरच थांबते, आणि आस्पेक्ट ‘कीप’ (लांबी-रुंदीचे गुणोत्तर कायम) असेल तर डावी-उजवीकडे ४३ व वर-खाली २४ पिक्सेलांची रिकामी पट्टी राहते. ही पट्टी पत्करायची की अपूर्णांकी प्रमाण, हा निर्णय आताच घ्यावा. अपूर्णांकी प्रमाण पत्करले तर टप्पा ३ मधला रूपांतराचा भाग टाळता येणार नाही.

*इशारा:* टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ केल्याने कोडने काढलेल्या आकारांवर काहीही परिणाम होत नाही. ते सेटिंग चित्रांसाठी आहे.

*तपासणी:* भरीव १० × १० चौरस पूर्णांक निर्देशांकावर काढून स्क्रीनशॉटमध्ये त्याची बाजू मोजावी. प्रमाण ३ असेल तर ती नेमकी ३० पिक्सेल भरली पाहिजे आणि चारही कडांवर एकही करडा पिक्सेल दिसता कामा नये. करडा दिसला तर पुढे जाऊ नये. कुठेतरी चित्र अजून ताणले जात आहे.

टप्पा ३: निर्देशांक पिक्सेलांवर बसवणे

पूर्णांक निर्देशांक पिक्सेलाच्या मध्यावर नसतो, दोन पिक्सेलांमधल्या सीमेवर असतो. पडद्यावरचा डावीकडून पहिला पिक्सेल ० पासून १ पर्यंत पसरतो आणि त्याचा मध्य ०.५ वर येतो. रेघ म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने दिलेल्या निर्देशांकाच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी जाडी पसरलेला एक अरुंद आयत.

आता प्रमाण १ धरून १ जाडीची उभी रेघ १० या निर्देशांकावर काढली, तर तो आयत ९.५ ते १०.५ एवढा पसरतो. म्हणजे ९ ते १० हा पिक्सेल अर्धा आणि १० ते ११ हा पिक्सेल अर्धा झाकला जातो. अँटीअलायझिंग नसेल तर पिक्सेलाचा मध्य आयतात येतो का, यावर ग्राफिक्स कार्ड निर्णय घेते. इथे दोन्ही मध्य नेमके कडेवर आहेत, त्यामुळे अतिसूक्ष्म फरकानेही रेघ एका पिक्सेलावरून शेजारच्यावर उडी मारते. अँटीअलायझिंग असेल तर दोन्ही पिक्सेल अर्ध्या तीव्रतेने रंगतात, आणि पांढऱ्या बारीक रेघेऐवजी दोन पिक्सेलांची करडी पट्टी मिळते. हीच रेघ १०.५ वर काढली की ती १० ते ११ हा एकच पिक्सेल काठोकाठ भरते.

यातून नियम असा निघतो की पिक्सेलांत मोजलेली जाडी विषम असेल तर रेघेचा मध्य अर्ध्यावर ठेवावा आणि सम असेल तर पूर्णांकावर. ‘सगळीकडे ०.५ मिळवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला २ जाडीच्या रेघेची धार बिघडवतो, आणि भरीव आयतांची तर नक्कीच बिघडवतो. भरीव आकारांच्या कडा सीमेवर, म्हणजे पूर्णांकावरच हव्यात.

आयताच्या बाह्यरेषेला हाच नियम लावताना गोंधळ होतो. बाह्यरेषा आयताच्या कडेवर मध्य धरून काढली जाते, त्यामुळे ती निम्मी आत आणि निम्मी बाहेर पडते. (१०, १०) पासून सुरू होणारी १०० × ५० पिक्सेलांची चौकट १ जाडीच्या रेघेने हवी असेल, तर आयत (१०.५, १०.५) वर ठेवून माप ९९ × ४९ द्यावे. नुसती सुरुवात अर्ध्याने सरकवून माप १०० × ५० तसेच ठेवले, तर उजवी आणि खालची कड एक पिक्सेल बाहेर पडते. आत भरीव आयत असेल तर तिथेच एक बारीक फट दिसते.

प्रमाण १ नसेल तर हे सर्व पडद्याच्या पिक्सेलांत मोजून मग गेमच्या एककात परत आणावे लागते. क्रम असा ठेवावा:

१. जाडीला प्रमाणाने गुणावे, जवळच्या पूर्णांकावर आणावे आणि १ पेक्षा कमी होऊ देऊ नये. ही झाली पिक्सेलांतली जाडी.
२. निर्देशांकाला प्रमाणाने गुणावे. पिक्सेलांतली जाडी सम असेल तर जवळचा पूर्णांक घ्यावा, विषम असेल तर खालचा पूर्णांक घेऊन त्यात ०.५ मिळवावे.
३. जाडी आणि निर्देशांक दोन्हींना प्रमाणाने भागून रेघ काढावी.

यात प्रमाण म्हणजे केवळ स्ट्रेचचे नव्हे. कॅमेऱ्याचा झूम आणि सर्व पालक नोडांचे (हा नोड ज्यांच्या आत आहे त्यांचे) स्केल त्यात धरलेले हवे. नोडचे जागतिक कॅनव्हाससह रूपांतर (गेट-ग्लोबल-ट्रान्सफॉर्म-विथ-कॅनव्हास) आणि व्ह्यूपोर्टचे अंतिम रूपांतर (गेट-फायनल-ट्रान्सफॉर्म) यांचा गुणाकार घेतला की हे सगळे एकत्र मिळते. त्यातून प्रमाणच नव्हे तर सरकही कळते, आणि तीही पायरी २ मध्ये मिळवून, पायरी ३ मध्ये वजा करावी लागते. पालक नोड १२.३७ सारख्या निर्देशांकावर उभा असेल तर त्याच्या आतल्या नोडने स्वतःचे निर्देशांक कितीही काटेकोर ठेवले तरी रेघ चुकीच्याच जागी पडणार.

*इशारा:* अर्ध्या पिक्सेलाची सरक नोडच्या पोझिशनमध्ये देऊ नये. ‘स्नॅप टूडी ट्रान्सफॉर्म्स टू पिक्सेल’ हे सेटिंग चालू असेल तर ती गिळली जाते. ड्रॉला दिलेल्या निर्देशांकांतच ती द्यावी.

*तपासणी:* अँटीअलायझिंग बंद ठेवून ३० रेघा मोजाव्यात. प्रत्येकीची जाडी सारखी असली पाहिजे. प्रमाण अपूर्णांकी असेल तर रेघांमधल्या अंतरात एका पिक्सेलाचा फरक राहतो. तो टाळता येत नाही आणि तो डोळ्याला खुपतही नाही. जाडीतला फरक मात्र लगेच खुपतो.

टप्पा ४: आकारानुसार योग्य साधन निवडणे

आडव्या-उभ्या कडा आता जागेवर आहेत. वर्तुळाची गोष्ट वेगळी, कारण ग्राफिक्स कार्डाला वर्तुळ माहीत नसते. ते प्रत्यक्षात अनेक बाजूंचा बहुभुज असतो. बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून जितका आत जातो तितकी चूक दिसते. ६४ बाजू घेतल्या तर १०० पिक्सेल त्रिज्येला ही चूक ०.१२ पिक्सेल असते आणि डोळ्याला कळत नाही. ४०० पिक्सेल त्रिज्येला ती सुमारे अर्ध्या पिक्सेलावर जाते आणि सपाट बाजू दिसू लागतात. चूक पाव पिक्सेलाच्या आत ठेवायची तर बाजूंची संख्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या साडेचार पट धरावी: १०० त्रिज्येला ४५, ४०० ला ९०, १००० ला साधारण १४२. त्रिज्या पडद्याच्या पिक्सेलांत मोजावी, हे विसरता कामा नये. गेममध्ये २०० त्रिज्येचे असलेले वर्तुळ झूम २ आणि प्रमाण ३ मिळून पडद्यावर १२०० चे होते.

गोडॉटचे तयार वर्तुळ बाजूंची संख्या विचारत नाही. म्हणून मोठ्या वर्तुळांची बाह्यरेषा ड्रॉ-आर्क या कमान काढणाऱ्या फंक्शनाने काढावी, कारण त्याला बिंदूंची संख्या देता येते. ती बिंदूंची संख्या असते, बाजूंची नव्हे. पूर्ण वर्तुळात पहिला आणि शेवटचा बिंदू एकाच जागी येतात, त्यामुळे ९० बाजू हव्या असतील तर ९१ बिंदू द्यावेत. ८ बाजूंचा अष्टकोन काढायला ८ बिंदू देणाऱ्याला सप्तकोन मिळतो, तो यामुळेच.

मोडती रेघ किंवा बहुभुजाची कड सुट्या रेघा जोडून काढू नये. प्रत्येक रेघ आपल्या टोकाशी काटकोनात कापलेली असल्याने कोपऱ्यात बाहेरच्या बाजूला खाच राहते. रंग अर्धपारदर्शक असेल तर टोके जिथे एकमेकांवर चढतात तिथे गडद ठिपके उमटतात. सगळे बिंदू एकत्र देऊन पॉलिलाइन (एकसलग मोडती रेघ) काढावी. कोपऱ्यांचा आकार स्वतः ठरवायचा असेल तर लाइन-टूडी नोड वापरावा. त्यात सांधे टोकदार, छाटलेले किंवा गोल ठेवता येतात आणि ४.२ पासून रेघ बंद करण्याचाही पर्याय आहे.

लहान-मोठे करण्याबाबत एकच सांगावेसे वाटते: आकाराचे माप बदलायचे असेल तर ड्रॉला दिलेले माप बदलावे, नोडचे स्केल बदलू नये. स्केलने जाडीही वाढते, आणि आडवे-उभे स्केल वेगळे असेल तर चौकटीच्या दोन बाजू जाड आणि दोन बारीक होतात. जाडी उणे १ दिली तर गोडॉट स्केल काहीही असले तरी रेघ बारीकच ठेवते. दोष शोधण्यासाठीच्या तात्पुरत्या रेघांना हे सोयीचे आहे. पण घनदाट पिक्सेलांच्या पडद्यावर ती रेघ जवळजवळ दिसेनाशी होते, म्हणून खेळाडूला दिसायच्या गोष्टींसाठी ती वापरू नये.

टप्पा ५: आता अँटीअलायझिंग

गोडॉटमध्ये याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे प्रोजेक्ट सेटिंग्जमधील ‘एमएसएए टूडी’, यात कडेवरच्या प्रत्येक पिक्सेलाचे अनेक नमुने घेतले जातात. तो सर्व आकारांच्या कडांना एकदमच लागू होतो, जाडी बदलत नाही आणि टप्पा ३ मध्ये नीट बसवलेल्या उभ्या-आडव्या रेघांना धक्का लावत नाही. ४ पट पुरेसे असते. ८ पट निवडण्याइतका फरक साध्या आकारांत मला तरी दिसत नाही. मात्र हा मार्ग फॉरवर्ड प्लस आणि मोबाइल या रेंडररांवरच (गोडॉटच्या चित्र रंगवण्याच्या पद्धतींवरच) चालतो, कंपॅटिबिलिटीवर नाही. ब्राउझरसाठी निर्यात केलेला गेम कंपॅटिबिलिटीवरच चालत असल्याने डेस्कटॉपवर गुळगुळीत दिसणारे वर्तुळ तिथे दातेरी होते.

दुसरा मार्ग म्हणजे रेघ, पॉलिलाइन, कमान यांच्या फंक्शनांना दिला जाणारा ‘अँटीअलायझ्ड’ हा पर्याय. ४.३ पासून तो आयत आणि वर्तुळालाही देता येतो. यात इंजिन कडेबाहेर हळूहळू पारदर्शक होत जाणारी एक अरुंद किनार जोडते. ही किनार बाहेर जोडली जात असल्याने रेघ दिसायला थोडी जाड होते. शिवाय ती नोडच्या एककात असते, म्हणून झूम वाढला की तीही रुंदावते आणि कड धुरकट होते. जाडी ऋण असेल तर हा पर्याय काहीच करत नाही. आडव्या-उभ्या रेघांना तो देऊच नये, फक्त तिरप्या आणि वक्र रेघांना द्यावा.

दोन्ही मार्ग एकाच आकारावर लावू नयेत. आधीच विरळ होत गेलेल्या किनारीवर एमएसएएला करण्यासारखे काही उरत नाही, आणि खर्च मात्र दुप्पट.

रंगीत भरीव बहुभुज काढणाऱ्या फंक्शनाला हा पर्याय नाही. कंपॅटिबिलिटीवर त्याची कड सुधारायची तर त्याच बिंदूंवरून, पहिला बिंदू शेवटी पुन्हा देऊन, त्याच रंगाची १ जाडीची अँटीअलायझ्ड पॉलिलाइन वरून काढावी. रंग अपारदर्शक असेल तरच हे जमते. अर्धपारदर्शक असेल तर कडेला गडद पट्टा दिसेल.

फार मोठ्या किंवा सतत झूम होणाऱ्या वर्तुळांसाठी शेडर (ग्राफिक्स कार्डावर प्रत्येक पिक्सेलासाठी चालणारा छोटा प्रोग्रॅम) हा सर्वांत निर्दोष मार्ग आहे. एका चौरसावर प्रत्येक पिक्सेलाचे केंद्रापासूनचे अंतर काढावे, त्यातून त्रिज्या वजा करावी, आलेल्या संख्येला तिच्या एफ-विड्थने (शेजारच्या पिक्सेलापर्यंत ती किती बदलते त्या मापाने) भागावे, भागाकार ०.५ मधून वजा करावा आणि उत्तर ० ते १ मध्ये बांधून पारदर्शकतेला द्यावे. कड कुठल्याही झूमला एक पिक्सेलाचीच राहते. यात त्रिज्या चौरसाच्या निम्म्या बाजूएवढी पूर्ण ठेवू नये. तशी ठेवली तर वर, खाली आणि दोन्ही बाजूंना वर्तुळ सपाट कापल्यासारखे दिसते. एक-दोन पिक्सेलांची जागा सोडावी.

*तपासणी:* १० अंशांची रेघ आणि २० त्रिज्येचे वर्तुळ गुळगुळीत दिसावे. त्याच वेळी ३० उभ्या रेघांत टप्पा ३ नंतर नसलेला एकही करडा पिक्सेल नव्याने आलेला नसावा.

टप्पा ६: हालचाल आणि विंडोचे माप

हलणाऱ्या आकाराला पिक्सेलांवर बसवू नये. तो दर फ्रेमला पूर्णांकावर आणला की सावकाश सरकताना अडखळत जातो. तिथे अपूर्णांकी जागा आणि अँटीअलायझिंग हेच चांगले. स्थिर जाळी, चौकटी आणि पडद्यावरची माहिती मात्र बसवलेली हवी. ही माहिती वेगळ्या कॅनव्हास लेयरवर ठेवली की कॅमेऱ्याची सरक आणि झूम तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. जगातली जाळी कॅमेऱ्याबरोबर हलत असेल तर कॅमेरा थांबल्यावर ती एकदा बसवून घ्यावी. हलताना कुणी रेघ मोजत नाही.

सर्वांत शेवटी विंडोचे माप बदलून पाहावे. टप्पा ३ मधले गणित ड्रॉ चालतानाच्या प्रमाणावर अवलंबून आहे, आणि विंडो मोठी केली तरी ड्रॉ आपोआप पुन्हा चालत नाही. जुन्या प्रमाणासाठी बसवलेल्या रेघा नव्या प्रमाणावर पुन्हा धूसर होतात. व्ह्यूपोर्टचा ‘साइझ चेंज्ड’ सिग्नल (माप बदलल्याची सूचना) जोडून त्यावर क्यू-रीड्रॉला हाक मारावी. झूम बदलणाऱ्या कोडमध्येही तीच हाक घालावी. त्यानंतर विंडो १२८० × ७२०, १३६६ × ७६८ आणि पूर्ण पडदा अशा तीन मापांवर नेऊन प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट घ्यावा आणि ३० रेघांची जाडी पुन्हा मोजावी.